एकाच दगडाच्या दोन किमती

किराणा दुकानात साबणांशेजारी ठेवलेला टाल्कम पावडरचा डबा शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. लोअर परळच्या मॉलमध्ये काचेच्या काउंटरवर मांडलेली ‘लूज सेटिंग पावडर’ काही हजारांना जाते, आणि तिचे वजन त्या डब्याच्या निम्मेही नसते. दोन्हींच्या तळाची बारीक अक्षरे वाचली, तर पुष्कळदा घटकांच्या यादीत पहिले नाव एकच निघते: टाल्क. म्हणजे आपले संगजिरे. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर ते पहिल्या पायरीवर बसते, नखाने ओरखडा उठतो इतके मऊ. आपल्याकडचे बहुतेक संगजिरे राजस्थानातल्या खाणींतून येते. तेच दळून कागदाच्या आणि रंगाच्या कारखान्यांत जाते, आणि त्यातलेच निवडक, स्वच्छ ते चेहऱ्यापर्यंत पोचते.

स्वस्त पावडरचे एक कूळ आणि महाग पावडरचे दुसरे, असा आपला समज असतो. मागोवा घेत गेले की कूळ एकच निघते. वाटण्या तेवढ्या अनेकदा झालेल्या दिसतात. आणि प्रत्येक वाटणीत महाग वाट्याला चांगला माल आला असेही नाही.

कालिदासाच्या ‘मेघदूता’त अलकानगरीच्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर लोध्राच्या फुलांच्या परागाने फिकट कांती आली आहे. ही पावडर झाडावरची होती आणि निरुपद्रवी होती. जगभर ज्या पावडरीने राज्य केले ती मात्र शिशाची. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेवर ठेवले की त्यांवर पांढरे कीट चढते. ते खरवडून, धुऊन, कुटून सफेदा होतो. थिओफ्रास्टस या ग्रीक लेखकाने ही कृती ख्रिस्तपूर्व काळातच लिहून ठेवली आहे. सोळाव्या शतकातल्या युरोपात व्हेनिसचा सफेदा सगळ्यांत उंची गणला जाई. शिशाचा थर दाट बसतो, देवीचे वण झाकतो, सहज उतरत नाही. ज्यांना तो परवडत नसे त्या पीठ, खडू असले काहीबाही लावत. त्या काळी ऐपत असणे हेच धोक्याचे होते. आयर्लंडमध्ये वाढलेली मारिया गनिंग रूपाच्या जोरावर कॉव्हेंट्रीची काउंटेस झाली आणि १७६० साली तिशी गाठण्याआधी वारली. तिच्या मृत्यूचा दोष तेव्हापासून या सफेद्यालाच दिला जातो. पीठ लावणारीच्या वाट्याला फार तर घामाने ओघळलेला चेहरा आला असेल.

जपानची हकीकत याहून जिव्हारी लागते. तिथला ‘ओशिरोई’ हा तोंडाला लावायचा सफेदा शिशाचाच असे. १८८७ साली सम्राट मेइजींसमोर प्रथमच काबुकीचा प्रयोग झाला, तेव्हा नाकामुरा फुकुसुके या नटाचे पाय रंगमंचावर थरथरू लागले. वर्षानुवर्षे तोंडाला शिसे लावल्याचा तो परिणाम होता, आणि प्रसंग सम्राटांसमोर घडल्यामुळे तो झाकून राहिला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिशाविना पावडर बाजारात आली, पण ती तशी चिकटत नसे, म्हणून जुनीही खपत राहिली. त्याच सुमारास तान्ह्या मुलांना मेंदूज्वरासारखा एक आजार होई आणि त्याचे कारण कुणाला उमगत नसे. १९२३ साली क्योतोच्या हिराई इकुतारो या बालरोगतज्ज्ञाने ते शोधले: आईच्या अंगावरची पावडर बाळाच्या पोटात जात होती.

शिशाला पर्याय म्हणून बिस्मथ आले. त्याची पावडर मोत्यासारखी चमके, म्हणून ती भारी किमतीला जाई. पण गंधकाचा वायू लागला की ती काळवंडते. गंधकाच्या झऱ्यांवर आरोग्यस्नानाला गेलेल्या बायका काळ्याठिक्कर होऊन बाहेर आल्याचे विनोद तेव्हाच्या इंग्रजी साहित्यात आहेत. मग जस्त आले. जस्ताचा सफेदा स्वस्त होता, काळा पडत नव्हता आणि कुणाला मारत नव्हता. आपल्या नाटक मंडळ्यांच्या पेट्यांत पिवडी, काजळ, कुंकवाच्या जोडीला हाच असे. गॅसबत्तीच्या उजेडात मागच्या रांगेपर्यंत चेहरा पोचवायचा, तर त्याला इलाज नव्हता. पुढे रंगपटात ‘पॅनकेक’ आला. तो मॅक्स फॅक्टरचा. १९३०च्या दशकाच्या अखेरीस रंगीत चित्रपटांसाठी त्याने तो घडवला आणि लगेच दुकानांतही विकायला काढला. त्याच्याही पोटात टाल्क होतेच. आमच्याकडच्या रंगभूषाकारांनी पुढे जर्मनीच्या क्रायोलनच्या कांड्या हाती घेतल्या, पण मेकअपच्या पहिल्या हाताला अजूनही कितीतरी जण पॅनकेकच म्हणतात.

रंगमंचावरून दुकानात हा प्रवास पॅरिसमध्ये आधीच होऊन गेला होता. जोझेफ-आल्बेर पोन्सँ नावाच्या नटाने १८६३ साली नटांसाठी रंग बनवायला सुरुवात केली; तो धंदा अलेक्सांद्र-नापोलेऑं बूर्ज्वा याच्या हाती गेला आणि त्याच्या नावाने वाढला. १८७९ साली त्याने ‘जावाची तांदूळ पावडर’ बाजारात आणली. ती हलकी होती, स्वस्त होती, आणि नटीने लावायची वस्तू घरंदाज बाईनेही लावावी इतकी सोवळी दिसत होती. खपली प्रचंड. ‘जावा’ हा शब्द दूरदेशीची नवलाई दाखवण्यासाठी होता. स्वस्त डब्यावर लांबचे नाव छापायची युक्ती तेव्हापासूनची आहे.

आता या घराण्याची पुढची पिढी पाहा. बूर्ज्वा कंपनी व्हेर्टहाइमर कुटुंबाकडे आली. १९२४ साली त्याच कुटुंबातल्या प्येर आणि पॉल या भावांनी कोको शानेलशी करार करून ‘पार्फूम शानेल’ ही कंपनी काढली. सत्तर टक्के वाटा त्यांचा, वीस टक्के गॅलरी लाफायेत या पॅरिसच्या दुकानाच्या मालकाचा आणि शानेलबाईंचा फक्त दहा. आपल्याच नावाच्या कंपनीतला हा दहा टक्क्यांचा सल बाईंना पुढे बरीच वर्षे डाचला. माल मात्र तयार होई तो पॅरिसजवळच्या पाँतँ इथल्या बूर्ज्वाच्याच कारखान्यात. म्हणजे शिकाऊ मुलीची पावडर आणि उमरावीणबाईची पावडर यांचा मालक एक होता, आणि हे चांगले नव्वद वर्षे चालले. २०१५ साली व्हेर्टहाइमरांनी बूर्ज्वा विकली; शानेल स्वतःकडे ठेवली.

विकली ती कोटी कंपनीला. हेही जुन्या सोयरिकीसारखेच. कॉर्सिकात जन्मलेला फ्रांस्वा कोटी हा अत्तरवाला, पण त्याला एक गोष्ट फार लवकर कळली: गिऱ्हाईक आधी डबी विकत घेते. पांढऱ्या पफांची नक्षी असलेली त्याची नारिंगी-सोनेरी डबी शंभर वर्षे ओळखीची राहिली. रने लालिक, लेऑं बाक्स्त अशी बडी नावे त्या नक्षीशी जोडली जातात. आतली पावडर साधारण ऐपतीच्या बाईला परवडेल अशी, आणि बाहेरची डबी सरदारघराण्यातली. १९३५च्या सुमारास कंपनीने ‘एअरस्पन’ आणली. जोरदार हवेच्या झोतात पावडरचे कण एकमेकांवर आपटवून ते आणखी बारीक करायचे, ही त्यामागची कृती.

स्वस्त-महागाची तुलना ज्या एका जोडीवर अमेरिकेत सर्वांत जास्त झाली, त्यातला एक पैलवान ही एअरस्पनच. दुसरी लॉरा मर्सिए या उंची ब्रँडची ‘ट्रान्सलुसंट’. पहिली औषधांच्या दुकानात मिळणारी, सुमारे ६५ ग्रॅमची, आठ-दहा डॉलरची. दुसरी २९ ग्रॅमची आणि चाळीस डॉलरच्या आसपास. ग्रॅमचा भाव काढला तर जवळजवळ दहापट. दोन्हींच्या यादीत अग्रभागी टाल्क. फरक नव्हता असे नाही. कोटीच्या पावडरला आजीच्या कपाटाचा उग्र सुगंध येतो, ज्यांना तो सहन होत नाही त्यांनी नाद सोडलेला बरा. मर्सिएची जास्त मुलायम, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांत कमी साचणारी. पण हा फरक दहापटीचा आहे, असे ती वापरणाऱ्या फार थोड्यांना म्हणता आले.

तर जादा पैसे नेमके जातात कुठे? थोडे दळणात. कण जितका बारीक आणि एकसारखा, तितका थर पातळ आणि न दिसणारा. थोडे कणावरच्या लेपात: सिलिकोन किंवा अमिनो आम्लाचा पातळ थर चढवला की टाल्क रेशमी लागते आणि घामाने गोळा होत नाही. चिकटण्यासाठी घातले जाणारे झिंक स्टिअरेट, तेल शोषणारी चिनी माती किंवा स्टार्च, ही मंडळी दोन्हीकडे असतात. यांपुढचे पैसे डबीचे, जाळीचे, पफचे, काउंटरच्या भाड्याचे आणि जाहिरातीतल्या चेहऱ्याचे. हे लबाडीचे आहे असे मी म्हणणार नाही. सुंदर डबी हातात घेण्याचे सुख खरे असते, आणि ज्याला ते हवे त्याने त्याचे पैसे मोजावेत. फक्त ते पैसे कातडीसाठी मोजले, असे समजू नये.

शिवाय महाग दळण नेहमी कामी येतेच असे नाही. पंधरा-एक वर्षांपूर्वी निव्वळ सिलिकाची अतिबारीक पावडर फार प्रतिष्ठेची झाली होती. साध्या उजेडात ती दिसतच नसे. पण कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की सिलिका प्रकाश परत फेकते, आणि लाल गालिच्यावरच्या नट्यांच्या डोळ्यांखाली, नाकाशेजारी पिठाचे पट्टे ओढल्यासारखी चित्रे दुसऱ्या दिवशी छापून आली. जुन्या बिस्मथनेही नवा जन्म घेतलाय. काही महागड्या ‘मिनरल’ पावडरींची झळाळी त्याचीच. बाकीची चमक अभ्रकाची, आणि त्या अभ्रकाचा मोठा हिस्सा झारखंडच्या कोडर्मा-गिरिडीह पट्ट्यातून येतो. तिथे टाकून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून लहान मुले अभ्रक वेचतात, हे अनेक पाहण्यांत पुढे आल्यावर २०१७ साली कंपन्यांनी पॅरिसमध्ये त्यावर एक संयुक्त संस्था काढली. चमकणारी पावडर स्वस्त असो वा महाग, ती चमक कुठून आली हे विचारण्याजोगे आहे.

आपल्याकडची शाखा जरा वेगळ्या वळणाने वाढली. मराठी घरात शब्द आहे ‘स्नो-पावडर’, आणि ही जोडी उगाच नव्हती. स्टिअरिक आम्लाचे क्रीम चेहऱ्यावर विरून जाते आणि मागे एक पातळ, किंचित चिकट थर ठेवते. त्यावर पावडर धरते. बरोज वेलकमचा ‘हेझलिन स्नो’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाला आणि साहेबाबरोबर इकडे आला. त्याला मुंबईने उत्तर दिले १९१९मध्ये: ई. एस. पाटणवालांचा ‘अफगाण स्नो’. निळ्या बाटलीतला हा स्नो पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या रुखवतात मिरवला.

स्नोवर मात्र जी पावडर बसली ती चेहऱ्याची नव्हतीच. युरोप-अमेरिकेत अंगाला लावायची टाल्कम आणि चेहऱ्याला लावायची फेस पावडर या दोन वेगळ्या वस्तू होत्या. पहिली भोकांच्या झाकणाच्या डब्यात, जाडसर, वासाची आणि बिनरंगाची. दुसरी डबीत, बारीक आणि रंगछटांची. आपल्याकडे दुसरी परवडत नव्हती, म्हणून पहिलीच वर चढली. कुटिकुरा, हिमालया बुके, पॉन्ड्स ड्रीमफ्लॉवर यांचा एक डबा साऱ्या घराला पुरे. बाळाच्या मांडीला तीच, वडिलांच्या मानेला तीच, आईच्या तोंडाला तीच, आणि सुटीत कॅरमवर भुरभुरायलाही तीच. गळ्याशी संपणारा पांढरा रंग, कानामागे राहिलेला ठिपका, कपाळावर घामाने पडलेल्या रेघा हे सगळे त्या डब्याचे देणे. पावडर लावली नाही, थापली, असे आपण म्हणतो ते उगाच नाही.

१९५२ साली टाटांनी लॅक्मे काढली. प्रसाधनांवर परदेशी चलन फार खर्च होते, देशातच काही करा, असे पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना सुचवल्याचे सांगितले जाते. फ्रेंच कंपन्यांचे साहाय्य घेऊन ती टाटा ऑइल मिल्सच्या पोटात मुंबईत सुरू झाली, आणि तिचे नाव देलीबच्या ‘लॅक्मे’ या फ्रेंच ऑपेरावरून आले, जे आपल्या लक्ष्मीवरूनच घेतलेले. साठच्या दशकात सिमोन टाटा आल्या आणि तिला रूप आले. मध्यमवर्गीय मराठी मुलीच्या पर्समध्ये आरशासह बंद होणारा ‘काँपॅक्ट’ शिरला तो बहुधा लॅक्मेचा. टाल्कमचा डबा घरी आणि काँपॅक्ट ऑफिसात, अशी ही वाटणी झाली. पुढची नोंद व्हेर्टहाइमरांच्या वहीतून उतरवल्यासारखी आहे: १९९८ साली टाटांनी लॅक्मे हिंदुस्थान लिव्हरला विकली, आणि पॉन्ड्स इंडिया ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली त्याच वर्षी. डबा आणि काँपॅक्ट एका घरात आले.

महाग पावडरने स्वस्त पावडरवर खरी मात कुठे केली असेल, तर रंगछटांत. निदान तसे वाटते. प्रत्यक्षात महागवाल्यांना तो शहाणपणा फार उशिरा सुचला. जुन्या फेस पावडरींत पांढरी, गुलाबी आणि ‘राशेल’ एवढेच असे. ही राशेल म्हणजे एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच शोकांतिकांची नटी; तिच्या नावाची पिवळसर छटा गॅसच्या दिव्याखाली शोभे. गव्हाळ, सावळी, काळी कातडी या यादीत नव्हती. ती आणली अँथनी ओव्हरटन या कृष्णवर्णीय अमेरिकी उद्योजकाने. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची ‘हाय-ब्राउन’ फेस पावडर आली, आणि ती उंची काउंटरवर नव्हे, साध्या दुकानांत विकली गेली. उंची कंपन्यांना जाग यायला २०१७ उजाडावे लागले. रिहानाच्या फेंटी ब्युटीने फाउंडेशनच्या चाळीस छटा एकदम आणल्या आणि बाकीच्यांची पळापळ झाली. आपल्याकडे अजूनही स्वस्त काँपॅक्टच्या मोजक्या छटांतून निवड करताना सावळ्या मुलीची पंचाईत होते. इथे मात्र मी महागाच्या बाजूने आहे: जी पावडर रंगाची म्हणून घ्यायची, ती जुळली पाहिजे, आणि जुळण्यासाठी जास्त पैसे पडले तरी ते वाया जात नाहीत. बिनरंगाची, नुसती तकाकी मारायची असेल तर स्वस्त पुरते. टाल्कमचा डबा मात्र चेहऱ्यापासून दूर ठेवावा. तो चेहऱ्यासाठी बनलेलाच नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा. आपला कायदा किमतीकडे पाहत नाही. प्रसाधनांत रंगासाठी शिसे आणि आर्सेनिकची संयुगे वापरायला बंदी आहे, आणि वापरलेल्या रंगांत दशलक्ष भागांमागे शिसे २० आणि आर्सेनिक २ भागांपलीकडे चालत नाही, मग डबी शंभराची असो की चार हजारांची. धोका असतो तो परवाना क्रमांक नसलेल्या नकली मालात, आणि नक्कल होते ती बहुधा महागड्या नावांची. फुटपाथवर चारशेत मिळणारी ‘फर्स्ट कॉपी’ ही या साऱ्या वंशावळीतली सर्वांत वाईट संतती.

टाल्कचेही दिवस फिरलेत. जमिनीत टाल्क आणि अॅस्बेस्टॉस कधीकधी शेजारी सापडतात. त्यावरून अमेरिकेत खटल्यांची रांग लागली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने टाल्कची बेबी पावडर तिथे २०२० मध्ये आणि जगभर २०२३ मध्ये थांबवून मक्याचे स्टार्च आणले. तेव्हापासून ‘टाल्क-फ्री’ हा शब्द डबीची किंमत वाढवतो. उंची काउंटरवर आज कौतुकाने विकली जाते ती तांदळाची पावडर, म्हणजे बूर्ज्वाने १८७९ मध्ये स्वस्तात खपवली तीच.

पावडरवर गरीब-श्रीमंत पाहून कर लावायचा एक प्रयोग इंग्लंडात १७९५ साली झाला होता. केसांना पावडर लावणाऱ्याने वर्षाला एक गिनी भरायची, असा पंतप्रधान पिटचा कायदा. तुटपुंज्या उत्पन्नाच्या धर्मोपदेशकांना त्यातून सूट होती. कर भरण्यापेक्षा लोकांनी पावडर सोडली आणि फॅशनच गेली. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून टाल्कम आणि फेस पावडर दोन्हींवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. याचा फायदा महागड्या परदेशी कंपन्यांनाही होणार नाही का, या प्रश्नाला सरकारचे उत्तर सरळ होते: होईल, पण ब्रँड किंवा किंमत पाहून कर लावायचा तर कारभाराचा गुंता होतो. काउंटरवर त्यामुळे स्वस्त कुठले आणि महाग कुठले हे ठरवायचे काम आता पूर्णपणे तुमचे. वेष्टनावर दर ग्रॅमची किंमत छापणे आता बंधनकारक आहे. एमआरपीच्या आसपास शोधा, ती छापलेली असते.